वेडी बाभूळ, घाणेरी, बोरी... ब्रश कटर कोणतं घेऊ?

बालाघाटी
५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

आमचं तीन एकर रान अंबाजोगाई तालुक्यात, पाझर तलावाच्या वरच्या अंगाला आहे. निम्मं मुरमाड, निम्मं हलकं काळं, सगळं उताराचं. अण्णांनी बैलं विकली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तिकडं ना नांगर गेला ना वखर. मी लातूरला नोकरीत, धाकटा पुण्यात. आता आत शिरायला वाट राहिली नाही. वेडी बाभूळ, घाणेरी, बोरी, तरवड, तलावाकडं बेशरम, आणि धुऱ्यावर निवडुंग.

इतके दिवस डोळ्याआड केलं. पण यंदा त्या झाडीत रानडुकरांनी ठाण मांडलंय. दिवसा आमच्याकडं मुक्काम, रात्री शेजाऱ्याच्या रानात जेवण. हरभरा पेरला की उकरून टाकतात. शेजारी म्हणजे आमचे चुलतेच. परवा पारावर चार माणसांत म्हणाले, "तुम्ही रान डुकरं पाळायला ठेवलंय का?" उत्तर नव्हतं.

गडी बघितले. निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय. जे आहेत ते काट्याला हात लावत नाहीत. एकानं उक्तं सांगितलं, तो आकडा ऐकून मी चहा तसाच ठेवून उठलो.

साफ करून दोन एकरात सीताफळ लावायचा विचार आहे. ब्रश कटर, म्हणजे दांडीच्या टोकाला फिरतं पातं असलेलं झुडपं कापायचं मशीन, बघायला दुकानात गेलो तर एकानं ५२ सीसीचं दाखवलं, अकरा हजार, सोबत तीन पाती फुकट. दुसऱ्या दुकानात ३५ सीसीचं, फोर स्ट्रोक, त्याची किंमत जवळपास तिप्पट. कमी सीसीचं मशीन तिप्पट किमतीला कसं काय, हे मला तरी कळलं नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "कंपनी आहे साहेब." एवढंच.

तर सांगा, काय घेऊ? बजेट वीस, फार तर पंचवीस.


मांजराकाठ
५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

५२ सीसीच घ्या, डोळे झाकून. मी रेणापूरकडं तीन वर्षं वापरतोय. धुरे, पाटाच्या कडा, उसातली वाट, सगळं त्यानंच. बिघडलं तर बाजाराच्या गावात कुठंही पार्ट मिळतात. कार्बोरेटर सहाशे-सातशेत नवा. कंपनीच्या मशीनचा साधा स्टार्टर गेला तर लातूरला चकरा, नाहीतर कुरियरची वाट.

आणि काटेरी झाडीत मशीन जाणार म्हटल्यावर ते खराब होणारच. महागाचं कशाला खराब करायचं? अकरा हजाराचं दोन हंगाम चाललं तरी पैसे फिटले.


पुणेकर शेतकरी
५ नोव्हेंबर, रात्री १०:३२

बॅटरीवरचं बघितलंय का? आवाज नाही, धूर नाही. मुळशीत माझ्या अर्ध्या एकराला फार छान पडतं.


मांजराकाठ
५ नोव्हेंबर, रात्री १०:३४

साहेब, तुमच्या मुळशीत गवत आहे. वेड्या बाभळीसमोर ते खेळणं नेलं तर बाभळीला हसू येईल.


दहा-अकराचा पाना
६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी परभणीजवळ ही मशिनं दुरुस्त करतो, विकत नाही. म्हणजे कुठलंही घेतलंत तरी माझं पोट भरतंच. म्हणून मोकळेपणानं लिहितो.

आधी सीसीचा घोळ. सीसी म्हणजे सिलिंडरची जागा, ताकद नव्हे. उदाहरण देतो. होंडाचं यूएमके ४३५ फोर स्ट्रोक आहे, त्याचं इंजिन ३५.८ सीसीचं. स्टिल कंपनीचं एफएस १२० टू स्ट्रोक, ते फक्त ३०.८ सीसीचं. एफएस २५० घेतलं तर ४०.२ सीसी आणि १.६ किलोवॅट, म्हणजे दोन हॉर्सपॉवरच्या वर. स्वस्तातलं ५२ सीसी कागदावर एवढीच ताकद सांगतं, पण ती ताकद पात्यापर्यंत किती पोचते नि किती दिवस पोचते, हा खरा सवाल. पैसे कुठं जातात ते मला खोलल्यावर दिसतं. क्रँकचं बेअरिंग, क्लच, दांडीच्या आतला शाफ्ट नि त्याचे बुश, आणि सगळ्यात पुढचं, पातं फिरवणारं गिअर हेड. गवत कापताना या चारही गोष्टींवर ताण येत नाही. लाकडाला पातं लागलं की दर वेळी हातोडा मारल्यासारखा धक्का थेट गिअर हेडला बसतो. माझ्याकडं येणाऱ्या स्वस्त मशीनमध्ये इंजिन बहुतेक धडधाकट असतं. गेलेलं असतं ते पुढचं टोक.

मांजराकाठ भाऊंचं खोटं नाही. धुरे नि पाटकडांना ५२ सीसी चालतं, पार्ट मिळतात हेही खरं. पण त्यांचं काम गवताचं आहे. बालाघाटी भाऊंचं लाकडाचं आहे. दोन्हीला एकच सल्ला लागू होत नाही.

तेव्हा दुकानात जायच्या आधी रानात जा. सोबत सुतळी न्या. वीस-पंचवीस ठिकाणी वीतभर उंचीवर खोडाला सुतळी गुंडाळा आणि मापं लिहून आणा. घेराला तीननं भागलं की जाडी आली, आपल्या कामापुरती. हे मापल्याशिवाय कुठलं मशीन हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.


धुऱ्यावरची
६ नोव्हेंबर, दुपारी २:२०

हिंगोली जिल्ह्यातून लिहितेय. हळद आहे, नि कडेला असाच वेड्या बाभळीचा पट्टा होता. मालक बाहेरगावी असतात, मशीन मीच चालवते. म्हणून एक गोष्ट सांगते, जी कुणी पुरुषमाणूस आधी सांगत नाही. वजन.

स्वस्तातलं ५२ सीसी पेट्रोल भरून, पातं लावून नऊ किलोच्या आसपास जातं. चांगल्या कंपनीचं त्याच ताकदीचं सहा-सात किलोत येतं. दोन किलोचा फरक दुकानात उचलून बघितला तर काहीच वाटत नाही. उतारावर, उन्हात, दुसऱ्या तासाला तेच दोन किलो खांद्यातून बोलायला लागतात. आणि थकलेल्या हातात फिरतं पातं म्हणजे मरणच.

मशीनसोबत एका खांद्याची पट्टी फुकट देतात, ती फेकून द्या. दोन्ही खांद्यांवर बसणारा, कमरेला बांधायचा नि मांडीला गादी असलेला हार्नेस वेगळा घ्या. घेताना त्याची झटकन सुटायची कडी ओढून बघा. ती कडी कशासाठी ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं, घाणेरीच्या बुडातून घोणस निघाली तेव्हा. एका झटक्यात मशीन खाली नि मी मागं.

यावरून आठवलं, पाठीवर इंजिन घ्यायचं मशीनही मिळतं. ते घेऊ नका. आमच्या इथं एकानं घेतलं, वजन पाठीवर जातं म्हणून. ते पटकन उतरवता येत नाही, आणि त्याची दांडी लवचिक नळीवर असते, पातं लाकडात अडकलं की पिळवटते. भाताच्या बांधाला ठीक.

कपड्यांचं : जाड जीन्स, त्यावर गुडघ्याच्या खाली प्लॅस्टिकची नडगीपट्टी, नि पाय झाकणारा लोखंडी टोपीचा बूट. चप्पल घालून कापणारे मी रोज बघते. वेड्या बाभळीचा काटा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातो, चपलेचं काय घेऊन बसलात. काटा मोडून आत राहिला तर आठ दिवस पाय टेकवत नाही. तोंडावर जाळीचा मुखवटा लावा, त्याच्या आत साधा चष्माही घाला, कारण जाळीतून भुसा आत येतोच. कानाला बोळे.

धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवा. हे हसण्यावारी नेऊ नका.


बालाघाटी
८ नोव्हेंबर, रात्री ८:५०

ताई, पाना भाऊ, आभारी आहे. काल सुट्टी टाकून सुतळी घेऊन गेलो. अण्णाही काठी टेकत बांधापर्यंत आले आणि तिथून ओरडून कुठलं झाड कधीचं ते सांगत बसले.

मापं अशी : घाणेरी नि तरवड सगळी अंगठ्याएवढी किंवा कमी. बोरी दोन ते चार सेंटिमीटर. वेड्या बाभळीत मात्र तीन तऱ्हा. कडेची नवी पिलावळ दोन-तीन सेंटिमीटरची. मधली मनगटाएवढी, पाच-सहा. आणि अगदी मधोमध आठ-दहा जुनी धुडं आहेत, मांडीएवढी. पहिल्या वर्षी उगवलेली तीच असणार. एका बुडातून पाच-पाच खोडं निघालीत, कारण दोन वर्षांमागं कुणीतरी सरपणाला तोडून नेली होती.

पातं कुठलं लावायचं? त्या दुकानदाराच्या तीन फुकट पात्यांत एक नायलॉन दोरीचं, एक तीन पात्यांचं पंख्यासारखं, आणि एक ऐंशी दात्यांचं गोल आहे.


दहा-अकराचा पाना
९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

आता बोलायला काहीतरी हातात आलं. मशीनपेक्षा पात्यावर जास्त लिहितो, कारण निम्मं काम पातंच करतं.

नायलॉन दोरी विसरा. ती हिरव्या गवताची. तरवडाला लागली की तुटून उडते.

तीन पात्यांचा पंखा गुंतलेल्या झुडपाला उत्तम. घाणेरी, बेशरम, कुंदा, वाळलेलं गवत यांच्यात तो नुसता मळणी करत जातो. पण मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकेत त्याची हद्द खोडाला दोन सेंटिमीटर दिलेली असते, आणि ती बरोबर आहे. त्याच्यावर जाड खोडाला मारलं की तो कापत नाही, आपटतो.

त्याच्या वरच्या खोडांना गोल करवतीसारखं पातं लागतं. यात दोन जाती. एक तुमच्या पुड्यातलं, कार्बाइडचे दाते डागलेलं, ४० किंवा ८० दात्यांचं. मऊ जमिनीत छान चालतं, धार खूप दिवस टिकते. पण तुमचं रान मुरमाड. दगडाला लागलं की कार्बाइडचा तुकडा निखळून गोळीसारखा उडतो. शिवाय त्याला घरी कानस लागत नाही, हिऱ्याच्या चाकावरच धार होते. घ्यायचंच तर ८० नको, ४० दात्यांचं घ्या. ८० दाते बारीक असतात, ओल्या लाकडाचा भुसा त्यांच्यात अडकून पातं तापतं.

दुसरी जात म्हणजे अख्ख्या पोलादाचं, २०० मिलिमीटरचं, मोठ्या वाकड्या दात्यांचं. २२ दात्यांचं सर्रास मिळतं. चेन सॉच्या साखळीसारखं कापतं. बोथट झालं की साडेपाच मिलिमीटरच्या गोल कानशीनं रानातच बांधावर बसून धार लावायची, सगळ्या दात्यांना सारखेच हात मारून. दगडाला लागलं तर दाता वाकेल, पण उडणार नाही. तुमच्यासाठी हेच. याच्यानं चार-पाच सेंटिमीटरपर्यंत निवांत जा. मनगटाएवढं खोड अधूनमधून एखादं चालेल, पण त्याचाच फड असेल तर ते चेन सॉचं नाहीतर कुऱ्हाडीचं काम आहे. मांडीएवढ्याला ब्रश कटर दाखवूसुद्धा नका.

गोल पातं लावायचं तर हँडल सायकलच्या हँडलसारखं दोन हातांचंच हवं. दांडीवर नुसती कडी असलेल्या मशीनला करवतीचं पातं लावू नये. कडीवाल्यात पाय नि पातं यांच्यात अंतर राखायला काहीच आडवं येत नाही.

पात्याचं भोक बहुतेक २५.४ मिलिमीटरचं असतं, पण कंपनीपरत्वे २० चंही येतं, घेताना मापून घ्या. सैल पातं पॅकिंग घालून बसवणारे माझ्याकडं येतात, तेव्हा मी त्यांना आधी बोटं मोजायला सांगतो. आणि नट उलट्या आट्याचा असतो. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यानं आट्या खाल्लेली दर हंगामात पाच-सहा गिअर हेडं येतात.


मांजराकाठ
९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पाना भाऊ, तुमचं पटलं थोडं. लपवून काय करू, माझ्या डाव्या पिंडरीवर खूण आहे. ऐंशी दात्यांचंच पातं होतं. सुबाभळीच्या फुटव्याला समोरून लावलं आणि मशीननं असा झटका दिला की मी अर्धा फिरलो. पातं उजवीकडं फेकलं गेलं, मी तोल सावरायला गेलो, नि उसाच्या जुन्या खोडक्यावर आपटलो. पात्यानं नाही, खोडक्यानं फाटलं. सात टाके. घरी सांगितलं सायकलवरून पडलो.

तेव्हापासून गवतच कापतो हे खरं.


दहा-अकराचा पाना
९ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

समोरून लावलं, हीच चूक. पात्यावर घड्याळ कल्पा, बारा तुमच्या समोर. पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. बारा ते तीनचा तुकडा लाकडाला लागला की मशीन उजवीकडं नि मागं, म्हणजे तुमच्याच अंगावर येतं. डाव्या अंगानं लावलं तर पातं स्वतःच लाकडात ओढलं जातं, मशीन पुढं सरकतं. त्यामुळं खोड नेहमी डाव्या अंगानं, नि पातं लावायच्या आधी फुल रेस. हळू रेसवर लाकडाला टेकवलं की क्लच घसरतो, धूर निघतो, आणि मग मशीन गरम झालं म्हणून कंपनीला शिव्या.

पंधरा मीटरच्या आत कुणी नको. फांद्या ओढायला ठेवलेला गडी पात्याजवळ वाकतो, तेच जास्त धोक्याचं.


गोदातीर
९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नांदेडकडून. मी जरा उलटं बोलणार आहे. तुम्ही सगळे मशीन, पातं, सीसी बोलताय. वेडी बाभूळ कापून जाते कुठं?

मी चार वर्षांमागं दीड एकर ब्रश कटरनं गुळगुळीत केलं. फोटो काढले, स्टेटसला टाकले. पुढच्या पावसाळ्यात एका बुडख्याला आठ-आठ डिऱ्या. त्या झाडाचे डोळे जमिनीच्या खाली, बुडाशी असतात. वरून कापलं म्हणजे तुम्ही छाटणी केली, फुटवा धरला. तुमच्याच रानात एका बुडातून पाच खोडं निघालीत ना? तोच पुरावा.

हे झाड मुळात आपल्याकडचं नाही, अमेरिका खंडातलं. भारतात १८७७ मध्ये आणलं, तेही मुद्दाम, उजाड जागा हिरव्या करायला. शेंगा गोड, शेरडं आवडीनं खातात, बी पोटातून तसंच बाहेर पडतं नि लेंडीसकट रुजतं. तेव्हा साफ केलेल्या रानात शेंगा खाल्लेली शेरडं बसवाल तर परत तेच.

माझं म्हणणं : मनगटाच्या वरची सगळी जेसीबीनं बुडासकट उपटा, वीतभर-दीड वीत खोल, मूळ जिथं खोडाला मिळतं ती गाठ निघाली पाहिजे. आत्ता जमिनीत ओल आहे, सहज निघतील. उन्हाळ्यात त्याच कामाला दुप्पट तास लागतात नि दुप्पट पैसे जातात. लाकडाला गिऱ्हाईक असतंच. आमच्याकडं कोळशाची भट्टी लावणारे येऊन तोडून नेतात, पण ते वरचं नेतात, बुडखा तुमच्या गळ्यात. बोलतानाच बुडख्याचं ठरवून घ्या.

मग ब्रश कटर कशाला? तर पुढची दोन-तीन वर्षं. बी मातीत पडून आहे ते दर पावसात उगवणार. अंगठ्याएवढं व्हायच्या आत वर्षातून तीनदा फिरवा.


बालाघाटी
९ नोव्हेंबर, रात्री ९:४८

गोदातीर भाऊ, तुमचं वाचून जरा खट्टू झालो, पण सुतळीच्या मापांशी जुळतंय. म्हणजे मशीन जाडीसाठी घ्यायचं नाही, पुढच्या तीन वर्षांच्या राखणीसाठी घ्यायचं. मग ते टिकाऊ नि हलकं हवं, दांडगं नको. बरोबर?


दहा-अकराचा पाना
९ नोव्हेंबर, रात्री १०:०२

बरोबर. आता तुम्ही दुकानात जायला हरकत नाही.


जुनं खोड
१० नोव्हेंबर, सकाळी ५:३०

पोरांनो, मशीन सुरू करायच्या आधी एकदा मोकळ्या हातानं रान फिरा आणि राखायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारा. बालाघाटच्या उतारावर सीताफळ आपोआप येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तुम्ही नव्यानं लावायला निघालात ते कदाचित घाणेरीखाली फुकटात उभं असेल. पानं शेरडं खात नाहीत, म्हणून ते टिकतं. मशीनवाल्याला पानं ओळखू येत नाहीत, त्याला सगळं हिरवंच.

दुसरं, चंदन. आपल्याकडं धुऱ्याला पाखरांनी टाकलेलं चंदन सर्रास असतं. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत चंदन, खैर, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, अंजन ही झाडं येतात. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वेडी बाभूळ त्या यादीत नाही, तिला खुशाल तोडा. पण चंदनाचं बोटभर रोप चुकून गेलं तर वाईट वाटायला कायदा लागत नाही.

आणि कडेची बोरी ठेवा थोडी. कुपाटीला काय वाईट आहे?


धुऱ्यावरची
१० नोव्हेंबर, सकाळी ११:१०

काका, चुन्याचं फार चांगलं सांगितलंत. मी जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या, त्या पात्यात गुंडाळल्या गेल्या. चुनाच बरा.

बालाघाटी भाऊ, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, बघितलं का? यांत्रिकीकरणात ब्रश कटरला अनुदान आहे. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, मर्यादेत. पण पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करायची. आधी बिल केलंत की गेलं. सातबारा आईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्या नावानं करा.


बालाघाटी
१० नोव्हेंबर, रात्री ९:००

सातबारा अण्णांच्या नावावर आहे, अल्पभूधारकात बसतात. अर्ज टाकतो. तोवर जेसीबी.

एक राहिलं. टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?


दहा-अकराचा पाना
११ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

तुम्ही आठवड्यातून एकदा गावी येणार, मधल्या दिवसांत मशीन कुणीतरी हाताळणार. म्हणून फोर स्ट्रोक. टू स्ट्रोकमध्ये लिटरला २० मिली की ४० मिली ऑइल हे पुस्तिकेत बघून मिसळावं लागतं. चांगल्या कंपनीचं साधारण पन्नासास एक, स्वस्ताचं पंचवीसास एक. कुणीतरी घाईत नुसतं पेट्रोल ओततो नि पिस्टन धरतो. फोर स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं. त्या ३५.८ सीसीच्या इंजिनात तर जेमतेम १०० मिली बसतं, पण ते दर वेळी बघायचं. १०० मिलीतलं ३० जळालं तरी फार झालं.

तुम्ही रोज मोटारसायकलनं येणारे असता तर हलक्या टू स्ट्रोकलाच म्हणालो असतो.

दोन सवयी. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, महिनाभर पडून राहिलं की कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. आणि गिअर हेडला वीस-पंचवीस तासांनी ग्रीस. तिथं एक स्क्रू असतो, तो ग्रीससाठी असतो हे कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडची धूळ बघता एअर फिल्टर मात्र रोज.


बालाघाटी
२२ फेब्रुवारी, रात्री ८:२०

धागा वर काढतोय. राहिलेलं सांगायचं होतं.

नोव्हेंबरात जेसीबी लावला. साडेअकरा तास, तासाला बाराशे. मोठी धुडं नि मनगटाच्या वरची सगळी बुडासकट निघाली. जेसीबीवाल्याला सुरुवातीला गाठीपर्यंत खणायचं जिवावर आलं होतं, अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले तेव्हा सरळ आला. लाकूड भट्टीवाल्याला दिलं, त्यातून जेसीबीचे निम्मे पैसे सुटले.

चुन्याचा पट्टा मारताना सत्तावीस सीताफळं सापडली. सत्तावीस! आणि चंदनाची चार. जुनं खोड काका, तुमच्या पाया पडतो.

पूर्वसंमती जानेवारीत आली. फोर स्ट्रोक ३५ सीसी घेतलं, दोन हातांच्या हँडलचं. बजेटच्या बाहेर गेलं, अनुदान जमा झालं की आत येईल. पोलादी पातं नि दोन खांद्यांचा हार्नेस वेगळा घेतला. ताई, तो हार्नेस नसता तर मी दुसऱ्या दिवशीच मशीन विकलं असतं.

घाणेरी नि तरवड पंख्यानं, बोरी नि बाभळीची पिलावळ गोल पात्यानं. चार शनिवार-रविवार लागले. दिवसाला साडेतीन तासांच्या वर होत नाही, हात झिणझिणतात. पहिल्या दिवशी तीनदा दगडाला लावलं, दोन दाते वाकले, कानशीनं जमवले. डाव्या अंगाचं सवयीनं जमतंय, अजून घाईत समोरून जातं.

बुडखे निघाले तिथं अजून तरी फूट नाही. जिथं जेसीबी पोचला नाही, धुऱ्याच्या खडकात, तिथं डिऱ्या दिसायला लागल्यात. गोदातीर भाऊ, खरंच आठ-आठ.

डुकरं गेली. म्हणजे आमच्याकडून गेली. आता चुलत्यांच्या उसात कायमची राहायला आलीत. काल चुलते घरी आले, चहा घेतला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलले, आणि उठता उठता म्हणाले, "ते मशीन दे की दोन दिवस."


दहा-अकराचा पाना
२२ फेब्रुवारी, रात्री ८:३१

मशीन द्या, पातं देऊ नका. नाहीतर सोबत तुम्ही जा.


मांजराकाठ
२२ फेब्रुवारी, रात्री ८:४०

माझं ५२ सीसी पाठवून देऊ का चुलत्यांना?